गोगूबायला मानकरी नाही

दुपारी चार ते साडेचार या वेळात आमच्या गावात कोणाला मरायची सोय नव्हती. तिरडी बांधावी ती काळूरामनं, आणि काळूराम त्या वेळात टीव्हीवर कार्टून बघत असे. दार उघडंच असायचं, पण आत पाऊल टाकलं की तो मान न वळवता उजवा हात वर करायचा आणि म्हणायचा, "चालू हाय." मग सरपंच असो, सोयरा असो, नाहीतर मर्तिकाचा निरोप घेऊन आलेला माणूस असो, उंबऱ्यावर बसून राहायचं. आमच्या आळीतली जनाआजी अशीच अवेळी गेली. तिच्या मुलानं घाई केली तेव्हा काळूराम म्हणाला, "म्हातारीला कायबी घाई नाय. तुलाच कसली रं?" साडेचारला तो उठला, बांबू तासले आणि अशी देखणी तिरडी बांधली की आजीला उभ्या आयुष्यात तसला पलंग मिळाला नव्हता.

काळूरामविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी त्याचा विषय काढला की मी हसायचो आणि भाताच्या भावावर यायचो. तो विक्षिप्त होता हे सांगणं सोपं आहे, त्यात माझं काही जात नाही. पण त्याची गोष्ट पुरी सांगायची तर मध्ये मी येतो, आणि येतो तो काही चांगल्या तोंडानं येत नाही. आता माझंही वय झालं. गावात एक खोटी गोष्ट माझ्या नावावर चालली आहे, ती तशीच ठेवून जायचं जिवावर येतं.

आमचं गाव किन्हवलीच्या आतल्या अंगाला, मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर. काळूराम आणि मी एका वयाचे. मी शिकलो, भातसानगरला धरणाच्या ऑफिसात चिकटलो, निवृत्त झाल्यावर गावच्या सोसायटीचा चेअरमन झालो. तो गावातच राहिला. भाताची थोडी खाचरं, आणि हातात बांबू-कागदाची कला. मांडव, मखर, तिरडी, सगळं त्याच्याकडे. बायको गेल्यावर कल्याणला राहणाऱ्या मुलानं त्याला टीव्ही आणून दिला, म्हाताऱ्याला भजन-कीर्तन बघता येईल म्हणून. म्हाताऱ्यानं पहिल्याच आठवड्यात गोगूबाय शोधून काढली.

गोगूबाय म्हणजे त्या कार्टूनमधली गोगलगाय. तिच्या पाठीवर शंखाच्या जागी एक खरंखुरं घर होतं, दार, खिडकी आणि धुराडं असलेलं. ते घेऊन ती एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे जात राहायची. प्रत्येक तळ्याला एक उंच पांढरा बगळा, डोळ्यांवर चष्मा. तो तिला हाकलायचा. ती पडायची, गडगडायची, घराचं छप्पर उडायचं, ते उचलून परत बसवायची आणि चालू लागायची. सगळ्या भागांत एवढंच. त्या कार्टूनमध्ये कोणी बोलत नसे, नुसतं वाजत असे. गोगूबाय हे नावसुद्धा काळूरामनंच ठेवलेलं.

आपल्याकडे 'कार्टून आहेस' म्हटलं तर माणूस अंगावर येतो. काळूरामच्या तोंडी ती पदवी होती. एसटी चुकली म्हणून पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन किन्हवलीहून चालत आलेल्या बाईला तो म्हणायचा, "बाय, तू कार्टून हायस." दोनदा निवडणुकीत पडून तिसऱ्यांदा अर्ज भरणाऱ्यालाही तेच. "मानूस कसा पायजे? पडला, चेपला, चपाती झाला, तरी उद्या चारला हजर," हे त्याचं तत्त्वज्ञान. मी चेअरमन झालो तेव्हा हार घालताना तो माझ्या कानात म्हणाला, "तू चांगला हायस रे. पन कार्टून नाय." मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

त्याच्या पुतणीला बघायला मुरबाडची माणसं आली ती नेमकी चारला. त्यानं सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. पोहे साडेचारनंतर. नवऱ्या मुलाला त्यानं पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. बगळ्यानं हाकलल्यावर गोगूबाय चिखलात उताणी पडली तेव्हा त्यानं विचारलं, "तुमी तिथं असते तं काय केलं असतं?" मुलगा बिचारा बापाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "आधी तिचं छप्पर शोधलं असतं." काळूरामनं आत आवाज दिला, पोहे आणा. ती पुतणी आज सुखात आहे. तिचा नवरा अजून म्हणतो की त्यानं आयुष्यात दिलेली सगळ्यात अवघड परीक्षा तीच.

चारला वीज गेली की तो माझ्याकडे येई, कारण इन्व्हर्टर माझ्याकडे होता. माझी बायको त्याला चहा ठेवायची आणि तो चहा न पिता गार करायचा. एकदा ती मला म्हणाली, "अहो, ते बघताना तोंडातल्या तोंडात कायतरी बोलत असतात. पाठ करत असल्यासारखे." मी म्हणालो, एकटा राहून डोक्यावर परिणाम झालाय. हे मी तिला म्हणालो, पारावर म्हणालो, सोसायटीतही म्हणालो.

त्यात माझा थोडा राग होता. मी उंच, बारीक, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोळ्यांवर चष्मा. वाडीवरची पोरं मला बघून तोंडावर हात ठेवून पळायला लागली तेव्हा मी एकाला धरून विचारलं. तो म्हणाला, "काळूबाबा सांगतो, त्या बगल्याचं नाव चेरमन हाय."

आता वाडीविषयी सांगायला हवं, आणि बोहाड्याविषयी. वाडी म्हणजे गावाच्या कडेची, ओढ्यापलीकडची झोपड्यांची वस्ती. त्यांना जमीन नाही. दिवाळी झाली की भांडी, गोधड्या, कोंबड्या डोक्यावर घेऊन सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडाला परत येतं. बोहाडा हा आमच्या गावदेवीचा चैत्रातला उत्सव. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचत वेशीपासून देवळापर्यंत येतात. प्रत्येक सोंग एकेका घराण्याचं. गणपती पाटलांचा, भीम आमचा, त्राटिका काळूरामच्या घराण्याची. याला मान म्हणतात, आणि मान बापाकडून मुलाकडे जातो. वाडीला कसलाच मान नाही. बोहाड्यासाठी भट्टीवरून जी चार माणसं सुटी काढून येत, त्यांनी मशाली धरायच्या. दुसऱ्यांच्या देवांना उजेड दाखवायचा.

काळूरामची त्राटिका बघायला शहापूरहून माणसं येत. लाल जीभ, केसांच्या जटा, हातात सुपं. ती धावून आली की मोठे बाप्ये मागे सरत. आणि एखादं पोर घाबरून रडलं की भर नाचात ती थांबायची, वाकायची, मुखवटा वर करायची. आत काळूरामचं हसरं तोंड. पोर हसलं की मुखवटा खाली आणि परत आरोळी.

बोहाड्याचा प्रमुख पंच मी. एका वर्षी बैठकीत काळूराम उभा राहिला आणि म्हणाला, एक नवं सोंग काढायचंय, गोगूबायचं. सगळे हसले. मी हसलो नाही, मी चष्मा पुसला आणि विचारलं की ही बाई कोणत्या पुराणात येते.

"पुरानात नाय. चारला येते."

परत हशा. मी म्हणालो, सोंगाला मानकरी लागतो, हिचा मानकरी कोण?

"कोन नाय," तो म्हणाला. "म्हनून तं. गनपती पाटलाचा, भीम तुझा. गोगूबाय कोनाचीच नाय, म्हंजे ती कोनीबी नाचवावी. वाडीवाल्यांनी नाचवावी. घर डोक्यावर घिऊन फिरायचं तेंना शिकवाया नाय लागत."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं हे तिथल्या प्रत्येकाला कळलं, मला सर्वांत आधी. आणि बिनतोड होतं म्हणूनच मला राग आला. तीन पिढ्यांनी सांभाळलेल्या मानाला या माणसानं कार्टून बघून भोक पाडलं होतं. शिवाय गोगूबाय आली की बगळाही येणार, आणि तो भर बोहाड्यात माझ्यासारखा चालणार, हेही मनात होतंच. मी म्हणालो, "ते सोंग आणलंस तर त्राटिका तुझ्या घरात राहणार नाही. एक काय ते ठरव."

मला वाटलं, तो खाली बसेल. त्राटिका त्याच्या पणजोबांनी नाचवली होती. तो उठून बाहेर गेला. आम्ही पुढचा विषय घेतला. थोड्या वेळानं तो परत आला, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला मुखवटा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "जटा वर्साला तेल लावून ठिव. नायतर तुटतात."

मी त्राटिका माझ्या पुतण्याला दिली.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी सोंगं सकाळ होईपर्यंत चालतात. ऊन आलं होतं. देवळासमोर देवीनं महिषासुराला मारलं, नारळ फुटले, माणसं उठायला लागली. तेवढ्यात वेशीकडून पोरांचा गलका ऐकू आला. रस्त्याच्या टोकाला एक घर दिसलं. कौलारू, खिडकीत झेंडूची माळ, धुराड्यातून धुपाचा धूर. त्या घराखाली गोणपाटाचं लांबलचक मऊ अंग, पुढे बांबूवर डुलणारे दोन डोळे. काळूरामनं ते कधी केलं, कुठं केलं, देव जाणे. आत वाडीची माणसं होती. तो स्वतः भट्टीवर जाऊन मालकाच्या हातापाया पडून सगळ्या वाडीला दोन दिवसांसाठी घेऊन आला होता, लेकराबाळांसकट.

आता पंचाईत संबळवाल्याची झाली. प्रत्येक सोंगाची एक चाल असते. गोगलगायीची चाल कोणी वाजवली होती? त्यानं आधी गणपतीची वाजवून पाहिली, गोगूबाय हलेना. राक्षसाची वाजवली, ती घरात मान घालून बसली. लोक हसायला लागले. मग त्यानं टिपऱ्या संबळावर नुसत्या घासल्या, एक लांब, ओढलेला आवाज, आणि मध्ये एक ठोका. गोगूबाय एक पाऊल सरकली. परत घास, परत ठोका. परत एक पाऊल. ती चाल आज आमच्या भागात सगळे संबळवाले वाजवतात.

वेशीपासून देऊळ काही लांब नाही. भीम तेवढं अंतर चार उड्यांत तोडतो. गोगूबायला इतका वेळ लागला की मध्ये चहा फिरला, कप विसळून परत फिरला. पण एक माणूस घरी गेला नाही. ती पडायची, छप्पर उडायचं आणि बघणाऱ्यांतलाच कोणीतरी धावून ते परत बसवायचा. आधी पोरं धावली. मग बाया. मग पाटलांचा मुलगा, अंगावर गणपतीचा पीतांबर तसाच. देवळापाशी पोचेपर्यंत ते छप्पर गावातल्या बहुतेक घरांच्या हातून गेलं होतं. वाटेत बगळा कुठंच दिसला नाही. काळूरामनं तो केलाच नव्हता.

देवीपुढे प्रत्येक सोंग वाकतं, आणि प्रमुख पंच त्याला नारळ देतो. नारळ मिळाला की ते सोंग गावाचं झालं. गोगूबाय माझ्यापुढे आली आणि वाकली. घराचं दार उघडलं आणि आतून वाडीची पोरं एकामागून एक बाहेर आली, कपाळाला गंध, आणि देवीसमोर ओळीनं उभी राहिली. मशालीची काठी हातात नसलेली वाडीची माणसं त्या जागेवर मी पहिल्यांदा पाहत होतो. सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं. माझा हात उठेना. तेवढ्यात माझी बायको गर्दीतून पुढे आली, गोगूबायच्या डोळ्यांच्या मधोमध हळदकुंकू लावलं आणि मला हळूच म्हणाली, "द्या आता. पाठ अवघडली असंल तिची."

मी नारळ दिला. गावानं असा जल्लोष केला की देवळामागच्या चिंचेवरचे पक्षी उडाले. वाडीच्या म्हाताऱ्या देवीसमोर फुगडी घालत होत्या. संबळवाला घामानं निथळत तीच एक चाल वाजवत होता, आणि त्या संथ चालीवर सगळं गाव, पाटील, वाडी, पाहुणे, एकेक पाऊल सरकत नाचत होतं. माझ्या उभ्या आयुष्यात तसला बोहाडा झाला नाही.

त्या क्षणी कोणीतरी फोटो काढला. मी नारळ देतोय, गोगूबाय घेतेय. तो छापून आला, खाली मजकूर होता: चेअरमनांच्या संकल्पनेतून वंचितांना बोहाड्यात मान. मग शहापूरला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की हे माझं नव्हे. मी उठलो आणि म्हणालो, "मी फक्त निमित्त आहे." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या, आणि मागच्या रांगेतून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता काळूराम. शाल बघून तो म्हणाला, "गरम हाय का रे? थंडीत बरी पडंल."

तर आता इथं लिहितो. गोगूबाय काळूरामनं आणली. मी ती अडवली होती, आणि अडवण्याची किंमत म्हणून त्याची त्राटिका घेतली होती.

पुढे गोगूबाय दर वर्षी निघाली. बघायला आता मुरबाडहून जीपा भरून माणसं येतात. त्राटिका मात्र माझ्या पुतण्याकडेच राहिली. त्याला ती जमत नसे. पोरं रडत आणि रडतच राहत.

एका वर्षी पावसाच्या तोंडाला माफी मागायची असं मनाशी ठरवून मी काळूरामकडे निघालो. वाडी भट्टीवरून नुकतीच परतली होती. त्याच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी पोरं. मधोमध काळूराम, पाठीला टोपली बांधून, गुडघ्यांवर. तो गोगूबायचे भाग सांगत होता. दिवाळीपासून झालेले सगळे, रोज थोडे थोडे, आवाज काढून, पडून, गडगडून. ज्या कार्टूनमध्ये कोणी बोलत नाही त्यात त्यानं सगळ्यांना बोलतं केलं होतं, आमच्या बोलीत. एक मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, परवाच्या भागात ती डोंगरावर व्हती, आज तळ्यात कशी?" काळूरामनं जीभ चावली आणि मधला भाग सांगितला.

चारला तो काय पाठ करत होता ते मला तेव्हा कळलं. भट्टीवरच्या पोरांचं काही चुकू नये म्हणून तो म्हातारा सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा ड्युटी करत होता. म्हणून मर्तिक थांबत होतं. मी वेड म्हणून पारावर सांगितलं होतं ते हे.

मी अंगणातूनच परत फिरलो.

शेवटच्या वर्षांत त्याचे डोळे गेले. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. एकदा चारला त्याच्या घरावरून जात होतो. टीव्ही वाजत होता आणि तो समोर बसून नुसता कान देत होता. वाजण्यावरून काय कळणार? मी आत गेलो. त्यानं हात वर केला, "चालू हाय." मी म्हणालो, ठाऊक आहे, काय चाललंय ते सांगू का? तो सरकून बसला.

त्या दिवसापासून मी रोज चारला जाऊ लागलो. मी बघायचो आणि सांगायचो, तो पाठ करायचा. पुतण्याकडून मी त्राटिका मागून घेतली होती. फडक्यात गुंडाळून रोज सोबत न्यायचो, खुंटीला अडकवायचो आणि साडेचारला परत आणायचो. त्याला दिसत नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं. सुरुवात करायला जावं तर तो म्हणायचा, "आता पोरांना सांगताना ह्यो भाग कसा सांगावा?" आणि वेळ निघून जायची.

एकदा पडद्यावर बगळा मान खाली घालून पाण्यात उभा होता. मासा शोधत असेल. मी सांगायला लागलो आणि तोंडातून भलतंच निघालं. "बगळा तिच्यासमोर मान खाली घालून उभा हाय. म्हणतो, बाय, माझं चुकलं. तळं माझं नव्हतं. तुला हाकलायला नको होतं."

काळूरामनं टीव्हीकडे लावलेला कान माझ्याकडे वळवला.

"त्यो असं बोलनारा नाय," तो म्हणाला.

"बोलला."

"मग गोगूबाय काय बोलली?"

मी पडद्याकडे पाहिलं. ती आपली चालली होती. "काय नाय," मी म्हणालो. "चाललीय."

"बराबर," तो म्हणाला. "फुडं सांग."

मी ठरवलं, उद्या टीव्ही बंद झाला की माझ्या तोंडानं सांगायचं, बगळ्याच्या नाही. मुखवटा त्याच्या हातात द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. गावात एकच प्रश्न पडला, याची तिरडी बांधणार कोण? ती वाडीनं बांधली. दोऱ्या ओढून घेताना एक म्हातारी सगळ्यांना दटावत होती, "नीट बांधा रे, उठून सोडील परत." मुलगा कल्याणहून आला, सगळी तयारी झाली. कोणीतरी म्हणालं, उचला आता. वाडीचा एकही माणूस पुढे झाला नाही. चार वाजले होते. त्याच्या मुलानं सगळ्यांकडे पाहिलं, मग उठला आणि टीव्ही लावला.

पडवीत, अंगणात, रस्त्यापर्यंत माणसं बसली. पाटील, वाडी, संबळवाला, मुरबाडचा जावई. गोगूबाय पडली, छप्पर उडालं, तिनं ते परत बसवलं. कोणी हललं नाही.

मी त्याच्या डोक्याशी बसलो होतो, मांडीवर त्राटिका. माझे शब्द तयार होते, या वेळी माझेच होते, आणि वाकून त्याच्या कानात सांगण्याइतका तो जवळ होता. पण त्याच्या घरात चार ते साडेचार कोणी बोलायचं नसतं, आणि साडेचारला त्याला उचललं.